उतरता क्रम लावण्याआधी

चि. मुक्ता हिस,


तुझा तक्ता मिळाला. एचसीआय म्हणजे मानव-संगणक आंतरक्रियेतले पाच प्राध्यापक, प्रत्येकापुढे एच-इंडेक्स आणि सर्वात वरच्याला पीएचडीचं गाइड करायचा तुझा बेत. ग्रंथालयात नोकरी केलेल्या माणसाला तक्ता आवडतोच. पण उतरता क्रम लावायची तू घाई केलीस.

हा इंडेक्स हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. तीस पेपरांना किमान तीस-तीस सायटेशन्स असतील तर इंडेक्स तीस. तो वाढतो, कमी कधी होत नाही. त्यामुळे निवृत्तीला टेकलेला माणूस तरुणापुढे असणारच. शिवाय तुमच्या विषयातलं महत्त्वाचं काम जर्नलांपेक्षा सीएचआय, यूआयएसटी अशा परिषदांत छापलं जातं. जर्नलांवर भर देणाऱ्या डेटाबेसमध्ये ते तोकडं दिसतं, तर गूगल स्कॉलर प्रबंध आणि अहवालांतली सायटेशन्सही मोजतं. दोन ठिकाणचे आकडे एका रकान्यात बसवू नकोस.

मग सायटेशन कशाला मिळालं ते बघ. जॉन ब्रुकची एसयूएस ही वापरसुलभता मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली. १९९६च्या लेखाच्या शीर्षकातच त्याने तिला झटपट आणि ओबडधोबड म्हटलंय. तिला सायटेशन्स हजारोंनी, कारण जो ती वापरतो त्याला तिचा उल्लेख करावाच लागतो. त्यातल्या बहुतेकांनी ब्रुकशी वाद घातलेला नाही की त्याचा विचार पुढे नेलेला नाही. उलट आयआयटी मुंबईच्या आयडीसीत तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डवर जो मराठी टाइप करतो, तो कुठे सायटेशन देतो? बक्षिसांचंही तेच. बार्टनेक आणि हू यांनी २००९ मध्ये सीएचआयच्या पेपरांचा हिशोब मांडला, तेव्हा पुरस्कारप्राप्त पेपरांना इतरांपेक्षा जास्त सायटेशन्स मिळालेली दिसली नाहीत.

खरा वेळ सहलेखकांवर घाल. आठ जणांनी लिहिलेल्या पेपरचं प्रत्येक सायटेशन आठांच्याही खात्यात पूर्ण जमा होतं. लेखकसंख्येने भागून बघ, तुझा क्रम बदलेल. गेल्या दहा वर्षांतली नावं साल लावून उतरव. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का? तो बाहेर पडल्यावर स्वतःचं काही लिहितो का, की त्याचं नावच पुन्हा दिसत नाही? मानसशास्त्राचा, डिझाइनचा कुणी आहे की सगळे एकाच प्रयोगशाळेतले एकमेकांना सायटेशन देताहेत? हे कुठल्याच इंडेक्समध्ये उतरत नाही, आणि तुझी पुढची पाच वर्षं मात्र यावरच जाणार आहेत.

आणि नावं तपासून घे. तुझ्या यादीतल्या ‘एस. पाटील’ यांच्या प्रोफाइलमध्ये मृदाशास्त्राचे पेपर आहेत. ते दुसरेच पाटील असावेत. तिसऱ्या क्रमांकाच्या बाईंचं आडनाव लग्नानंतर बदललेलं दिसतंय, म्हणजे त्यांचं निम्मं काम तू मोजलेलंच नाहीस. तूही पहिल्या पेपरआधी ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख-क्रमांक घे आणि एकच नाव कायम ठेव. (लग्नाचा विषय मी काढला म्हणून ताई रागावेल, तिला हे पत्र दाखवू नकोस.)

तिसऱ्या क्रमांकाच्या त्या बाईंच्या दोन माजी विद्यार्थ्यांना लिही. ड्राफ्ट किती दिवसांत परत येतो एवढंच विचार. उत्तरं आली की सुधारलेला तक्ता पाठव. या वेळी एच-इंडेक्सचा रकाना शेवटी ठेव.

तुझा,
मामा