दुधाचें वावडें व प्रयोगशाळेंतील परीक्षा

ज्या घरीं दुभतें जनावर आहे, त्या घरीं तान्ह्या मुलास वरचें दूध लवकर सुरू होतें. बहुतेक मुलांस तें मानवतें. परंतु कांहीं थोड्यांस तेंच बाधतें. दूध पोटांत गेल्यावर कांहीं मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, ओकारी होते आणि क्वचित् श्वासही कोंडतो. घरांतील बायकामंडळी "याला दूध वावडें आहे" असें म्हणतात. डॉक्टर यासच ॲलर्जी म्हणतात. हा शब्द १९०६ सालीं व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं प्रथम योजिला.

अलीकडे शहरांतील प्रयोगशाळेकडे रक्त पाठवून या वावड्याचा तपास करतां येतो, आणि असे अहवाल आमच्या कामरगांवासारख्या ठिकाणींही येऊं लागले आहेत. कागद इंग्रजींत असल्यामुळें ते वाचून दाखविण्याचें काम पुष्कळदां आमच्याकडे येतें. तेव्हां असें दिसतें कीं, आंकडा पाहून कोणी मुलाचें दूध एकदम तोडतो, तर कोणी आंकडा लहान म्हणून निर्धास्त होतो. दोन्ही मार्गांत नुकसान मुलाचेंच आहे. म्हणून ही परीक्षा काय सांगते व काय सांगत नाहीं, हें घरधन्यानें नीट समजून घ्यावें.

दुधांतील कोणता अंश बाधतो

गाईच्या दुधाच्या शंभर भागांत तीन-साडेतीन भाग प्रथिनें असतात. त्यांपैकीं सुमारें चार पंचमांश केसीन होय. दूध नासल्यावर जो चोथा होतो, तो मुख्यत्वें याचाच. उरलेला पंचमांश नासलेल्या दुधाच्या पाण्यांत राहतो, व त्यांत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हें प्रमुख असतें. मनुष्याच्या शरीरांत हें प्रथिन तयारच होत नाहीं. वावडें असलेल्या मुलाचें शरीर या प्रथिनांस शत्रु समजून त्यांच्याविरुद्ध आय-जी-ई नांवाचें प्रतिद्रव्य निर्माण करतें. दुग्धशर्करा न पचल्यामुळें पोट फुगणें व जुलाब होणें हा प्रकार निराळा आहे. तेथें प्रथिनाचा संबंध नसतो, आणि पुढें सांगितलेल्या परीक्षाही त्यास लागू नाहींत.

परीक्षा कशी होते

आय-जी-ई या द्रव्याचा शोध १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेंत इशिझाका दांपत्यानें व स्वीडनमध्यें योहान्सन आणि बेनिख यांनीं स्वतंत्रपणें लाविला. आज प्रयोगशाळेंत दुधाचें प्रथिन एका घन वस्तूवर चिकटवून ठेवतात व त्यावर मुलाच्या रक्तांतील निवळ सोडतात. दुधाविरुद्ध आय-जी-ई असल्यास तें प्रथिनास बिलगतें. बाकीचें धुवून टाकल्यावर जें बिलगून राहिलें, त्याचें मोजमाप खूण लाविलेल्या दुसऱ्या द्रव्याच्या साह्यानें करतात. यासाठीं उपाशी राहणें नको, कीं चालू औषध थांबविणें नको. दुसरी परीक्षा कातडीवरची. हातावर किंवा पाठीवर दुधाच्या अर्काचा थेंब ठेवून बारीक टोंचतात व सुमारें पंधरा मिनिटांनीं पाहतात. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या थेंबापेक्षां गांधी ३ मिलिमीटर वा अधिक मोठी आल्यास परीक्षा होकारार्थी समजतात. हिच्यापूर्वीं खाजेवरचीं कांहीं औषधें डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडे दिवस बंद ठेवावीं लागतात.

आंकड्याचा अर्थ

रक्ताच्या अहवालांत ०.३५ हा आंकडा पुष्कळदां सीमा म्हणून दिलेला असतो. परंतु ही सीमा ओलांडली म्हणजे वावडें सिद्ध झालें असें नव्हे. महसुली दप्तरांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस हें चटकन् उमगेल. फेरफाराची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, परंतु नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं. वाद पडला तर बांधावर जाऊन पंचांसमक्ष पाहावें लागतें. रक्ताचा आंकडा ही अशीच एक नोंद आहे. शरीरांत प्रतिद्रव्य आहे एवढेंच ती सांगते. दूध पिऊन त्रास होईलच, असें ती सांगत नाहीं.

कर्नाटकांतील प्रौढांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत शंभरांत सुमारें २६.५ जणांच्या रक्तांत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आय-जी-ई आढळलें; मात्र अन्नाचें वावडें असण्याचा खरा संभव शंभरांत सुमारें १.२ जणांतच दिसला. केवळ कागद पाहून अन्न तोडलें असतें, तर किती जण विनाकारण उपाशी राहिले असते, याचा हिशेब वाचकांनींच करावा. आंकडा जितका मोठा तितका संभव अधिक, हें मात्र खरें. दोन वर्षांखालील मुलांत ५ च्या व मोठ्या मुलांत १५ च्या वर तो गेल्यास वावडें असण्याची शक्यता फार मोठी मानतात. तरी त्रास सौम्य होईल कीं भयंकर, हें आंकड्यावरून कळत नाहीं.

उलट, आंकडा शून्य आला तरी बालक निर्दोष ठरत नाहीं. कांहीं तान्ह्यांस दूध दिल्यावर कित्येक तासांनीं वारंवार ओकाऱ्या होतात, किंवा शौचांतून रक्ताचे धागे पडतात. या प्रकारांत बहुधा आय-जी-ई नसतेंच. म्हणून रक्त व कातडी दोन्ही गप्प राहतात. तेथें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं कांहीं आठवडे दूध बंद ठेवून पुन्हां देऊन पाहणें हाच मार्ग आहे.

शेवटचा निकाल म्हणजे दवाखान्यांत, सर्व सिद्धता ठेवून, अगदीं थोड्या दुधापासून चढत्या मात्रेनें पाजून पाहणें. हा प्रयोग घरीं कदापि करूं नये.

टाळावयाच्या गोष्टी

गाईचें दूध बाधलें म्हणून म्हशीचें किंवा शेळीचें देऊं नये. तीं प्रथिनें इतकीं सारखीं आहेत कीं, गाईचें दूध बाधणाऱ्या दहांपैकीं नऊंहून अधिक मुलांस शेळीचेंही बाधतें. "ए-दोन" म्हणून विकल्या जाणाऱ्या दुधांत केसीनाच्या एका जातीचा सूक्ष्म भेद असतो. त्यानें वावडें टळत नाहीं. उकळल्यानेंही केसीन नाहींसें होत नाहीं. सोयाबीन आपल्या शेतांत पिकतें, तरी घरीं काढलेलें त्याचें दूध तान्ह्याचें पोषण करण्यास अपुरें आहे. आईचें दूध तर मुळींच तोडूं नये. जरूर पडल्यास आईच्या आहारांतून दूध वगळावें कीं काय, हें डॉक्टर सांगतील. शंभर पदार्थांची आय-जी-जी परीक्षा करून देणारे पुष्कळ आहेत. ती फक्त अमुक पदार्थ खाण्यांत आला एवढेंच दाखविते. तिजवर पैसा घालूं नये.

हें वावडें बहुधा कायमचें नसतें. बहुसंख्य मुलांचें तें वाढत्या वयांत जातें. म्हणून डॉक्टर सांगतील त्या मुदतीनें परीक्षा पुन्हां करावी, व उतरता आंकडा हें शुभचिन्ह समजावें. मात्र दुधानंतर श्वास कोंडला, आवाज बसला किंवा मूल निपचित पडलें, तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहतां १०८ क्रमांकास फोन करून दवाखाना गांठावा; तेथें मांडींत दिलेलें ॲड्रेनॅलिनचें इंजेक्शन प्राण वांचवितें.

परीक्षेस जाण्यापूर्वीं एका वहींत तीन गोष्टी टिपून ठेवाव्या: दूध किती दिलें, किती वेळानें काय झालें, आणि पुन्हां दिल्यावर तसेंच झालें काय. ही वही डॉक्टरांच्या हातीं दिली म्हणजे प्रयोगशाळेच्या आंकड्यास अर्थ येतो. तिच्यावांचून तो नुसता आंकडाच राहतो.