चित्रकलेचा पाठ : रात्रीचे मंदिर

हेतू : रात्र म्हणजे केवळ काळा रंग नव्हे, हे मुलांच्या प्रत्ययास आणणे.

प्रस्तावना : रात्रीचे चित्र काढावयास सांगितले, की पुष्कळ मुले सारा कागद काळा करतात व मंदिर त्यात बुडून जाते. जपानी चित्रकार हिरोशी योशिदा (१८७६-१९५०) यांनी लाकडी ठशांच्या साहाय्याने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. भारताचा प्रवास करून त्यांनी १९३१-३२ साली ताजमहालाची चित्रे छापली. त्यांपैकी सकाळचे धुके व रात्र ही दोन चित्रे एकाच रेखाटनाची आहेत. पालटले आहेत ते रंग. रात्र तेथे निळ्या छटांतून प्रकट होते.

साहित्य : जाड पुठ्ठा, खळ, पाण्याचे रंग, चिंधी, कागद.

कृती : मुलांना आदल्या सायंकाळी गावातील मंदिर पाहून येण्यास सांगावे. नाशिककरांना काळारामाचे मंदिर आहेच. त्याचा काळा पाषाणही अंधारात आकाशाहून निराळा दिसतो. मंदिराची आकृती पुठ्ठ्यातून कापून दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवावी. दाराची जागा मोकळी ठेवावी. फिकट केशरी कागदावर तपकिरी ठसा उमटवावा. ठसा पुसून, फिकट निळ्या कागदावर तोच गर्द निळ्या रंगात उमटवावा. या कागदावर दारापुरती जागा आधीच कोरी राखावी व शेवटी तेथे पिवळा ठिपका द्यावा.

प्रश्न : ठसा एकच असता वेळ कशाने पालटली? दिवा कशामुळे उजळला?

उत्तरे मुलांनीच द्यावीत. शिक्षकांनी घाई करू नये. पाहण्याची सवय हेच या पाठाचे फळ होय.