जीपचे तीन काटे



अनेक मंडळ्यांकडे सेवाकार्यासाठी जुनी जीप असते. ती चालवणाऱ्या बांधवांसाठी हा छोटा पाठ.

नरडाण्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने तापी ओलांडली की शिरपूर येते. तिथपर्यंत रस्ता सोपा. पुढे सातपुड्यातल्या पावरा व भिल्ल पाड्यांकडे वळल्यावर इंजिनाची परीक्षा सुरू होते. चढ असतो, गाडी भरलेली असते, वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा लागत नाही, आणि उन्हाळ्यात पारा 40 च्या पुढे जातो. परतताना मागच्या सीटवर अडलेली बाळंतीण असेल, तर गाडी बंद पडणे परवडत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपमध्ये वेग, इंधन, ऑईलचा दाब, पाण्याचे तापमान आणि बॅटरीचा करंट असे पाच मीटर होते. पुढे बऱ्याच गाड्यांत ऑईलच्या मीटरची जागा लाल दिव्याने घेतली. हा दिवा दाब फारच उतरल्यावर पेटतो. काटा मात्र उतरताना दिसतो. तेवढ्या अवधीत मोबाईलला रेंज असलेल्या जागी थांबून 108 ला किंवा दुसऱ्या गाडीला बोलावता येते.

कोणते मीटर घ्यावेत? तीन पुरेत: पाण्याचे तापमान, ऑईल प्रेशर आणि व्होल्टमीटर. ऑईलचा मीटर दोन प्रकारचा मिळतो. एकात बारीक नळीतून गरम ऑईल थेट केबिनमध्ये येते. नळी फुटली तर पाय भाजतात. दुसऱ्यात इंजिनावर सेन्सर बसतो आणि आत फक्त वायर येते. आपल्या कामाला दुसरा बरा. मीटर आणि सेन्सर एकाच जोडीचे घ्यावेत, नाहीतर काटा खोटे बोलतो.

बसवताना सेन्सरचे आटे इंजिनाच्या आट्यांशी जुळतात का ते पाहावे. ऑईलचा जुना दिवा काढू नये. टी-जोड लावून दिवा आणि मीटर दोन्ही ठेवावेत. एकाच वायरच्या सेन्सरला अर्थ इंजिनाच्या धातूतून मिळते, म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवू नयेत. मीटरचा करंट चावी फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या वायरवरून, फ्यूज लावून घ्यावा. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रॉमेट हवाच, नाहीतर धक्क्यांनी वायर सोलून शॉर्ट होते.

वाचताना पुष्कळ गाड्यांत गरम इंजिनाचे पाणी 80 ते 95 अंशांच्या आसपास राहते. व्होल्टमीटर इंजिन बंद असताना सुमारे 12.6 आणि चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दाखवतो. चालू गाडीत तो 13 च्या खाली राहिला तर अल्टरनेटर तपासावा. ऑईलचा दाब प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो. म्हणून गाडी ठणठणीत असताना चढावर, सपाटीवर आणि उभ्या गाडीत काटे कुठे राहतात ते आठवडाभर वहीत लिहावे. ती नोंद डॅशबोर्डवर चिकटवावी, म्हणजे नव्या ड्रायव्हरलाही कळते.

ऑईलचा काटा एकदम पडला तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे; "पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ" असे म्हणू नये. तापमान चढू लागले तर एसी बंद करून सावलीत थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आणि ऐन चढावर तापमानाचा काटा अचानक खाली आला, तर इंजिन थंड झाले असे समजू नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की असेच होते. अशा वेळी इंजिन तत्काळ बंद करा.