राष्ट्रीयत्वाचा रकाना

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याच्या नावापुढे जे रकाने असतात, त्यांतील बहुतेक विचारून भरावे लागतात. जन्मतारखेसाठी दाखला पाहावा लागतो. आईचे नाव सांगताना मूल लाजते, जात सांगताना एखादा पालक अजूनही आवाज खाली आणतो. एक रकाना मात्र कोणी कोणाला विचारून भरल्याचे मी पाहिलेले नाही. तो राष्ट्रीयत्वाचा. पानाच्या पहिल्या ओळीत ‘भारतीय’ लिहायचे आणि खाली शेवटपर्यंत ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा करीत जायचे, अशी आमची रीत आहे. सव्वीस वर्षांच्या सेवेत मीही तसेच केले.

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातील एक विद्यार्थी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला होता. त्याने तो नीट वाचला आणि विचारले, “सर, हे ‘भारतीय’ तुम्ही कशावरून लिहिलंत?” मी त्या वेळी हसून विषय टाळला. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने तसे करायला नको होते. नंतर त्या प्रश्नाच्या शोधात जे वाचन झाले, त्याचा हा वृत्तांत या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणा सर्वांपुढे ठेवीत आहे.

जगात असे लक्षावधी लोक आहेत की ज्यांच्या नावापुढे या रकान्यात काहीच लिहिता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या २०२३ अखेरच्या नोंदीप्रमाणे त्यांची संख्या सुमारे ४४ लाख आहे, आणि खरी संख्या याहून पुष्कळ मोठी असावी, असे ते उच्चायुक्तालयच म्हणते. मराठीत या अवस्थेला रुळलेला शब्द नाही. मी ‘राष्ट्रीयत्वहीन’ हा शब्द वापरतो. १९५४च्या आंतरराष्ट्रीय करारातील व्याख्या साधी आहे : कोणतेही राज्य स्वतःच्या कायद्यानुसार ज्याला आपला नागरिक मानत नाही, तो राष्ट्रीयत्वहीन. ही अवस्था कमी व्हावी यासाठी १९६१ मध्ये दुसरा करार झाला. या दोन्ही करारांत भारत सहभागी नाही. राष्ट्रीयत्वहीन माणूस आणि निर्वासित यांत फरक आहे, हे येथेच सांगून ठेवतो. निर्वासिताला देश असतो, पण तेथे तो जाऊ शकत नाही. राष्ट्रीयत्वहीन माणूस कधी कधी जन्मल्या गावातच राहत असतो, तरी त्याला आपला म्हणणारे सरकार नसते.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना १४ ऑगस्ट १९३१ची मणिभवनातील भेट आठवेल. मला मायभूमी नाही, असे बाबासाहेबांनी त्या दिवशी गांधीजींना सुनावले होते. पण इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबायला हवे. त्या वेळी बाबासाहेब कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रजाजन होते आणि दुसऱ्याच दिवशी ते गोलमेज परिषदेसाठी बोटीने निघाले. ज्या भूमीत आपल्याला कुत्र्यामांजराहून हीन वागवले जाते ती आपली कशी म्हणायची, हा त्यांचा प्रश्न होता. राष्ट्रीयत्वहीनाचे दुखणे वेगळे असते. तो त्या भूमीला आपली म्हणत असतो आणि ती भूमी त्याला ओळख देत नसते. दोन्हींची गल्लत आपल्या भाषणांतून पुष्कळदा होते. ती टाळावी, असे मला वाटते, कारण दोन्हींचे उपाय निराळे आहेत.

हॅना आरेंट या विदुषीने ही अवस्था स्वतः भोगली होती. त्या जर्मनीतील ज्यू. १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, १९३७ मध्ये त्यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेण्यात आले आणि १९५१ मध्ये त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या. मधली चौदा वर्षे त्या कोणत्याही देशाच्या नव्हत्या. इतर सर्व हक्कांच्या आधी माणसाला हक्क बाळगण्याचाच हक्क लागतो, हा त्यांचा विचार या अनुभवातून आला आहे. म्यानमारमधील रोहिंग्या आणि श्रीलंकेच्या चहामळ्यांतील तमिळ मजूर यांच्या कहाण्याही अशाच आहेत. परंतु मला विस्ताराने सांगायचे आहे ते आपल्या देशातील चकमांविषयी.

चकमा हे चितगावच्या डोंगराळ प्रदेशातील, कर्णफुली नदीच्या खोऱ्यातील बौद्ध आदिवासी. १९४७ साली त्या प्रदेशातील बहुसंख्य लोक मुस्लिमेतर होते. म्हणून आपण भारतातच राहणार, असे गृहीत धरून १५ ऑगस्टला रांगामाटी येथे तिरंगा फडकवण्यात आला. रॅडक्लिफ यांचा निवाडा १७ ऑगस्टला जाहीर झाला आणि तो प्रदेश पाकिस्तानकडे गेल्याचे कळले. काही दिवसांत पाकिस्तानी सैन्याने तो झेंडा उतरवला. सरहद्द ओलांडून कोणी कोठे गेले नव्हते. सरहद्दच लोकांवरून गेली होती.

पुढे कर्णफुलीवर काप्ताई येथे धरण झाले. ते १९६२ मध्ये पुरे झाले. सुमारे ५४ हजार एकर जमीन, म्हणजे त्या प्रदेशातील लागवडीच्या जमिनीचा जवळजवळ ४० टक्के भाग, पाण्याखाली गेली. सुमारे एक लाख लोक विस्थापित झाले व त्यांत बहुसंख्य चकमा होते. त्यांच्या राजाचा रांगामाटीचा वाडाही बुडाला. धरणग्रस्तांचे पुनर्वसन म्हणजे काय असते, हे महाराष्ट्रातील वाचकांना मी सांगायला नको. १९६४च्या सुमारास हजारो चकमा कुटुंबे भारतात आली. त्या स्थलांतराला चकमा भाषेत ‘बर परं’ म्हणतात. बर परं म्हणजे मोठे निर्गमन.

भारत सरकारने १९६४ ते १९६९ या काळात त्यांपैकी सुमारे पंधरा हजार लोकांना तेव्हाच्या नेफा प्रदेशात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, वसवले. मैमनसिंगकडून आलेले हाजोंगही त्यांत होते. जमीन सरकारने दिली, पण तेथील मूळ जमातींना त्याविषयी विचारल्याचे दिसत नाही. पुढील विरोधाचे मूळ येथे आहे. लहान लहान जमातींना आपली जमीन आणि संख्याबळ जाईल अशी भीती वाटली. ती भीती खोटी म्हणून झटकून टाकणे मला रास्त वाटत नाही. जंगल आणि जमीन गमावलेल्या आदिवासींच्या बाजूने आपण महाराष्ट्रात बोलतो. मग तेथे वेगळी भाषा कशी बोलणार? दोन दुर्बळांना समोरासमोर उभे करणारा निर्णय तिसऱ्याने घेतला होता.

१९७१ मध्ये बांगलादेश झाला. ज्या पाकिस्तानातून चकमा आले होते, तो त्या भूमीवर उरला नाही. नवा देश झाला तेव्हा ते तेथे नव्हते. फेब्रुवारी १९७२ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांचे संयुक्त निवेदन निघाले आणि त्यानंतर केंद्राने राज्यांना कळवले की चकमांना नागरिकत्व कायदा, १९५५च्या कलम ५ नुसार नोंदणी करून नागरिकत्व देण्याचा निर्णय झाला आहे. प्रश्न येथेच मिटायला हवा होता. तो कोठे अडला, हे मला निकालपत्र वाचताना प्रथम कळले. नियमाप्रमाणे अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे द्यायचा, त्याने आपल्या अहवालासह तो वर पाठवायचा आणि निर्णय केंद्राने घ्यायचा. अर्ज वर गेलेच नाहीत. कोणी ते नामंजूर केले असते तर निदान दाद मागता आली असती. पण नामंजुरीचा कागदही हाती पडला नाही.

दरम्यान १९८० नंतर राज्याच्या नोकऱ्यांची दारे बंद झाली आणि नव्वदच्या दशकात शिधापत्रिकाही गेल्या. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक दावा हरला. आसामसाठी केलेल्या विशेष तरतुदीचा लाभ या लोकांना मिळणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. १९९४ मध्ये तेथील विद्यार्थी संघटनेने ३० सप्टेंबरपर्यंत राज्य सोडण्याची मुदत दिली. तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतः सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि ९ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश अहमदी यांच्या पीठाने सांगितले की या सुमारे ६५ हजार लोकांच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, अर्ज अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही आणि अर्जाचा निर्णय होईपर्यंत कोणाला घराबाहेर काढता येणार नाही.

जे लोक नागरिक आहेत की नाहीत हे अजून ठरायचे होते, त्यांचे रक्षण न्यायालयाने कशाच्या आधारे केले? येथे मी वाचकांना एक स्वाध्याय देतो. घरी संविधानाची प्रत असेलच. तिसरा भाग उघडा आणि पेन्सिल घेऊन ‘नागरिक’ व ‘व्यक्ती’ हे दोन शब्द अधोरेखित करीत जा. अनुच्छेद १५, १६ व १९ ‘नागरिक’ या शब्दावर उभे आहेत. भेदभावास मनाई, सरकारी नोकरीतील समान संधी, भाषण व संचाराचे स्वातंत्र्य हे हक्क नागरिकांचे आहेत. पण अनुच्छेद १४ मधील कायद्यापुढील समानता आणि अनुच्छेद २१ मधील जीवित व स्वातंत्र्याचे रक्षण ‘व्यक्ती’ला दिलेले आहे. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद २५ही सर्व व्यक्तींसाठी आहे. अनुच्छेद १७ मध्ये यांपैकी कोणताच शब्द लागलेला नाही. अस्पृश्यता सर्वांसाठीच संपवली आहे. चकमांची घरे वाचली ती अनुच्छेद २१ मधील त्या एका शब्दामुळे.

नागरिकत्वाच्या अनुच्छेदांनी मसुदा समितीला किती छळले, हे बाबासाहेबांनी १० ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते. एका अपवादाखेरीज दुसऱ्या कोणत्याही अनुच्छेदाने इतकी डोकेदुखी दिली नाही आणि किती मसुदे लिहिले व फाडले याची गणती नाही, अशा आशयाचे त्यांचे बोलणे आहे. फाळणीच्या रणधुमाळीत कायमचा कायदा करणे शक्य नव्हते. म्हणून संविधानाच्या प्रारंभी कोण नागरिक, एवढेच ठरवून पुढचे काम संसदेवर सोपवले गेले.

संसदेने ते कसे केले, हे एका कल्पित घराच्या उदाहरणाने सांगतो. आई-वडील १९६४ साली आलेले आणि नोंदणी न झालेले. त्यांचा १९७० मध्ये भारतात जन्मलेला मुलगा मात्र जन्मानेच नागरिक आहे, कारण २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात येथे जन्मलेल्याच्या आई-वडिलांचे नागरिकत्व कायदा पाहत नाही. धाकटी मुलगी १९८८ची असेल, तर जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी एकजण नागरिक असायला हवा. म्हणजे सख्खा भाऊ नागरिक आणि बहीण नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांसाठी अट आणखी कडक झाली. आता एक पालक नागरिक असून भागत नाही, दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. चकमांच्या बाबतीत कायद्याने नागरिक ठरणाऱ्यांनाही मतदार यादीत येण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. २००० मध्ये आदेश झाला आणि २००४ मध्ये त्यांतील सुमारे दीड हजार लोकांनी मत दिले. १७ सप्टेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्यांचे नागरिकत्व तीन महिन्यांत मार्गी लावण्याचा आदेश दिला. त्यालाही आता बरीच वर्षे झाली, आणि प्रश्न मिटलेला नाही.

एम. ए.ला असताना आम्हाला शिकवले होते की कागद नाही तर इतिहास नाही. या विषयाचा अभ्यास करताना ते वाक्य पुरे पडत नाही. ज्यांना कोणत्याच नोंदवहीने घेतले नाही, त्यांचा शोध नोंदवहीत कसा लागणार? येथे धरणाचे नकाशे, निकालपत्रे, मतदार यादीवरील हरकती आणि ‘बर परं’च्या सांगितलेल्या आठवणी असे सगळे शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागते.

आता आपल्याकडे पाहू. कागद नसणे म्हणजे राष्ट्रीयत्वहीन असणे नव्हे. कोणी घाबरून जाऊ नये. पण कागद नसलेल्या माणसाला आपण येथलेच आहोत हे सांगणे अवघड जाते. माझी स्वतःची जन्मतारीख १ जून आहे. माझ्या पिढीतील अर्ध्या वर्गाची तीच होती, कारण गुरुजींनी ती शाळा उघडण्याच्या सोयीने लिहिली. आईच्या सांगण्याप्रमाणे मी पोळ्यानंतरचा. आपल्या वसतिगृहात आलेल्या पारधी व मसणजोगी मुलांच्या घरी तर १ जूनसुद्धा नव्हता. एका मुलाच्या वडिलांनी जन्मस्थळ सांगताना तीन तालुक्यांची नावे घेतली होती. पाल जेथे पडले, तेथे मूल झाले.

अशा मुलाला प्रवेश देता येतो का, असे पालक आजही दबकत विचारतात. देता येतो. अनुच्छेद २१-क सहा ते चौदा वर्षांच्या ‘सर्व बालकां’विषयी बोलतो, नागरिकांविषयी नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला मला हे तेव्हाच सांगता आले असते : बाळा, तुला वर्गात घेण्यासाठी तो रकाना लागलाच नव्हता.

प्रवेशानंतर मात्र कागद करून घ्यावेत. जन्माची नोंद राहिली असेल, तर एक वर्ष उलटल्यानंतरही दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती करता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा आहे. म्हणून ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांनी ग्रामपंचायतीतून वा नगरपालिकेतून तो आजच काढावा आणि नावाचे अक्षर न् अक्षर तपासावे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेच्या पहिल्या तीन जनरल रजिस्टरांची बांधणी सुटली आहे आणि एकाच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. अनेक कुटुंबांत शाळेत नाव लागलेली पहिली व्यक्ती त्या पानांवर आहे. जात पडताळणीसाठी नातवंडे त्याच पानांचा प्रवेश-निर्गम उतारा मागायला येतात. ती रजिस्टरे स्कॅन करून बांधून घेण्याचे काम या उन्हाळी सुट्टीत हाती घेतले आहे. ज्यांना अक्षर लावता येते आणि जुन्या गावांची, वस्त्यांची नावे माहीत आहेत, त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात यावे.