माझं अर्धंच म्हणणं गावभर फिरलं

वाक्य माझंच आहे आणि आजही मी ते मागे घेतलेलं नाही. ‘मुलाच्या मरणाच्या प्रसंगात मागच्या पडद्यावर आलेल्या अपडेटच्या निळ्या पाटीनेच सगळ्यांत जास्त टाळ्या घेतल्या.’ त्या रात्री जे प्रयोगाला होते त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मागे प्रोजेक्टरवर समुद्र, पुढे आई मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, आणि अचानक समुद्र गेला. त्या जागी निळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, संगणक बंद करू नका अशी इंग्रजी सूचना आणि हळूहळू पुढे सरकणारे टक्के. पार्श्वसंगीत त्याच लॅपटॉपवर होतं, तेही गेलं. आधी खुसखुस झाली, मग उघड हशा, शिट्ट्या, टाळ्या. आईचं काम करणारी मुलगी मात्र जागची हलली नाही. संगीत नाही, समुद्र नाही, लोक हसताहेत, आणि तिने आपलं स्वगत एकही शब्द न गाळता पुरं केलं.

हे सगळं मी लिहिलं होतं. आमच्या नाट्यवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घरी आल्याआल्या टाकलेल्या मजकुरात पहिल्या ओळी त्या मुलीच्या कामाबद्दल होत्या, त्यानंतर प्रकाशयोजनेबद्दल. मग वरचं वाक्य. आणि शेवटी असं, की पुढच्या प्रयोगाला माझा लॅपटॉप आणि सोबत एक राखीव यंत्र मी घेऊन येतो, पैसे नकोत. नाटकांना पार्श्वसंगीत देणं आणि संगणक दुरुस्ती हेच माझं पोट आहे, तेव्हा हे मी फुशारकी म्हणून लिहिलेलं नव्हतं.

ग्रुपवर सगळे हसले. दिग्दर्शकांनीही अंगठा दाखवला. तो अंगठा आजही तिथे आहे.

पुढचं मला कळलं ते दुकानात. एक शिक्षक प्रिंटर न्यायला आले होते. पैसे देता देता त्यांनी मोबाइल पुढे केला. “भाऊ, हे तुम्ही लिहिलंत? तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती.” त्यांचा आणि नाटकाचा काही संबंध नाही, आमच्या ग्रुपशी तर मुळीच नाही. त्यांना ते त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं. स्क्रीनशॉटमध्ये ते एकच वाक्य. वर काही नाही, खाली काही नाही.

संगणकासमोर दिवस काढणाऱ्या माणसाची नजर आधी कडांवर जाते. व्हॉट्सॲपच्या मजकुराच्या चौकटीचे कोपरे गोल असतात. इथे वरची कडही सरळ होती आणि खालचीही, म्हणजे दोन्हीकडून कात्री चाललेली. ग्रुपमध्ये दुसऱ्याचा मजकूर दिसतो तेव्हा वर त्याचं नाव असतं आणि खाली कोपऱ्यात वेळ. इथे दोन्ही नव्हतं. नाव वेगळं टाईप करून चित्राखाली जोडलं होतं, आणि त्यापुढे लिहिलं होतं : ‘होतकरू मुलांच्या कष्टांची अशी चेष्टा करणारे हे आपल्या गावातले तज्ज्ञ...’ ही ओळ कुणाची हे मला त्याच क्षणी कळलं. तीन टिंबं देऊन वाक्य संपवायची दिग्दर्शकांची सवय आख्ख्या ग्रुपला माहीत आहे, आणि शेवटी ती तीन टिंबं होती.

मी त्यांना फोन केला. “अहो, मी फक्त फॉरवर्ड केलं,” असं उत्तर मिळालं. कुणी कापलं, विचारलं तर म्हणाले, “मला तसंच आलं.” आमच्याच ग्रुपवरचा मजकूर आमच्याच ग्रुपमधल्या माणसाला बाहेरून कापून आला, हे मी मान्य करायचं! पुढे त्यांच्या नाट्यसंस्थेच्या समितीच्या बैठकीत त्यांनी ‘मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही’ असं सांगितलं. आणि चहाच्या टपरीवर तोवर भलतंच शिजलं होतं : लॅपटॉप माझ्याच दुकानात आला होता, काम मिळालं नाही म्हणून मीच त्यात अपडेट लावून ठेवलं. तो लॅपटॉप मी आयुष्यात उघडलेला नाही. ऐन हंगामात ठरलेली कामं मात्र एकामागून एक गेली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. ‘यंदा आमच्याच मुलाला बसवतोय’ एवढंच.

मला राग येतो तो याचा की हेच गृहस्थ ग्रुपवरचे सगळ्यांत मोठे विनोदी टीकाकार. सकाळी उठून फोनच्या कंपन्यांची टिंगल, दुपारी मालिकेतल्या सासवा, रात्री एखाद्या सिनेमाची चिरफाड. २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं ते चित्रण, आणि कोकणाची बदनामी होते म्हणून आपल्याकडे नाराजी उमटली, तेव्हा हेच मोठ्या आवाजात विचारत होते, कलाकृतीवर चार बरे-वाईट शब्द आले म्हणून इतकं काय लावून घ्यायचं? त्यांचं ते म्हणणं मला तेव्हा पटलं होतं. आजही पटतं.

आणि हे घडलं रत्नागिरीत, हे जास्त लागलं. पु. लं.चा अंतू बर्वा इथलाच. १९६२ च्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधल्या या म्हाताऱ्याने गावात आलेल्या विजेलाही सोडलं नाही. नवं यंत्र, नवं नाटक, नवा पाहुणा, सगळ्यावर इथल्या ओटीवर तिरकस मत तयार असतं आणि समोरचाही तितक्याच तिरकसपणे परतवतो. आपल्या जाखडीत शक्ती आणि तुरा समोरासमोर उभे राहतात. एक शाहीर दुसऱ्याला भर मंडपात टोचतो, आणि दुसरा त्याच मंडपात, त्याच रात्री उत्तर देतो. श्रोते दोघांचं ऐकतात. दिग्दर्शकांनी मला ग्रुपवर झणझणीत उत्तर दिलं असतं तर मी ते डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी माझं वाक्य उचललं आणि ज्यांनी नाटक पाहिलंच नाही त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं.

सहज बोललेलं असं भलत्या ठिकाणी पोचलं की काय होतं, याची आपल्याकडची सगळ्यांत वाईट आठवण पालघरची. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशीच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिलं, दुसरीने ते फक्त लाइक केलं. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ तेव्हा देशभर गाजलं, आणि श्रेया सिंघल हिच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. इंग्लंडमध्ये पॉल चेंबर्स नावाच्या तरुणाने जानेवारी २०१० मध्ये बर्फामुळे बंद पडलेला डॉनकास्टरचा विमानतळ उडवून देण्याची थट्टा ट्विटरवर केली. नोकरी गेली, शिक्षा झाली, आणि ती थट्टाच होती हे वरच्या न्यायालयाने मान्य करायला जुलै २०१२ उजाडलं. माझं प्रकरण यांच्यापुढे किरकोळ आहे. पण कामं गेलेल्या माणसाला ते किरकोळ वाटत नाही.

आता जे शिकलो ते सांगतो.

सगळ्यांत महत्त्वाचं : आपला मूळ मजकूर पुसू नका. हितचिंतकांचा पहिला सल्ला हाच असतो. मलाही रात्री उशिरापर्यंत फोन येत होते, “डिलीट कर आणि विषय संपव.” व्हॉट्सॲपवर सर्वांसाठी पुसायला दोन दिवसांहून जास्त मुदत मिळते, म्हणून मोह होतो. पण तुम्ही पुसलंत की जगात शिल्लक राहतो तो फक्त कापलेला तुकडा, आणि ग्रुपवर तुमच्या नावापुढे ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशी कबुलीसारखी दिसणारी पाटी. मी पुसलं नाही, म्हणूनच आज पूर्ण मजकूर दाखवू शकतो. दुरुस्तीही करू नका. पंधरा मिनिटांत मजकूर बदलता येतो, पण त्याखाली ‘एडिटेड’ दिसतं आणि मग मूळचं वाक्य याहून वाईट होतं असं म्हणायला लोक मोकळे.

त्याच रात्री ग्रुपचं संभाषण ‘एक्सपोर्ट चॅट’ करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. ग्रुपमधल्या एखाद्या भरवशाच्या माणसालाही त्याच्या फोनवरचा तो भाग जपून ठेवायला सांगा, कारण तुम्हाला ग्रुपमधून काढलं जाऊ शकतं. मला काढलं.

उत्तर द्यायचं तर एकदाच द्या, जिथे मूळ लिहिलं तिथेच, आणि पूर्ण मजकूर पुन्हा टाकून द्या. सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या ग्रुपांवर खुलासे करत फिरू नका. तसं केलं की ज्यांच्यापर्यंत गोष्ट पोचलेली नव्हती त्यांनाही आपणच ती पोचवतो.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक. मी आता कौतुक आणि टोमणा वेगवेगळ्या ओळींत लिहीत नाही. ‘लॅपटॉपने दगा दिला तरी तिने स्वगत ज्या ताकदीने पेललं…’ असं एकाच वाक्यात गुंफलं की कात्री लावायला जागा उरत नाही. लावलीच तर कापणाऱ्याचा हात दिसतो.

कायद्याचं. “अब्रुनुकसानीचा दावा ठोकतो” असा निरोप मला तिसऱ्याच माणसाकरवी आला, आणि माझी झोप उडाली. परिचयातल्या वकिलांनी पुस्तक काढून दाखवलं. जुन्या दंड संहितेचं कलम ४९९, त्याचा सहावा अपवाद : जी कृती तिच्या कर्त्याने लोकांच्या पारखीसाठी पुढे ठेवली, तिच्या गुणदोषांवर सद्भावनेने मत देणं ही अब्रुनुकसानी नव्हे. त्याखाली उदाहरणही दिलेलं आहे. रंगमंचावर येणारा नट किंवा गायक आपला अभिनय, आपलं गाणं लोकांच्या पारखीसाठीच पुढे ठेवतो. १८६० सालचा तो कायदा! मी ते उदाहरण उभ्या उभ्या पुन्हा वाचलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ३५६ व्या कलमातही हा अपवाद कायम आहे. शिवाय हा गुन्हा अदखलपात्र. पोलीस परस्पर तपास करू शकत नाहीत, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. तेव्हा कुणी नुसतं ‘पोलिसात देतो’ म्हणालं तर हातपाय गाळू नका. मात्र हा अपवाद कलाकृतीपुरता आहे. माणसाच्या चारित्र्यावर, घरावर बोललात तर तो तुमच्या मदतीला येणार नाही.

स्क्रीनशॉटचा पुरावा म्हणून कुणी धाक घातला तर हेही माहीत असू द्या. इलेक्ट्रॉनिक नोंदीची नुसती प्रत न्यायालयात चालत नाही, तिच्यासोबत प्रमाणपत्र लागतं. जालना विधानसभा निवडणुकीच्या खोतकर-गोरंट्याल वादात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे पुन्हा पक्कं केलं, आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात ती अट आहे. कापलेल्या चित्राखाली असं प्रमाणपत्र कोण सही करून देतो, ते बघू.

ग्रुप ॲडमिननेही घाबरून सदस्यांना हाकलू नये. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला सरसकट जबाबदार धरता येत नाही, त्यात त्याचा समान हेतू दिसला पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं आहे. आमच्या ॲडमिनसाहेबांना मी तो निकाल पाठवला. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

बाकी नेहमीचं : माणसं ओळखून बोला, रात्री दमलेले असताना लिहू नका.

आणि नाटक बसवणाऱ्यांसाठी, कारण मूळ दुखणं तिथे आहे आणि त्याबद्दल अजून कुणीही अवाक्षर काढलेलं नाही. प्रयोगाचा लॅपटॉप वेगळा ठेवा, घरातल्या पोरांच्या खेळांचा आणू नका. आदल्या दिवशी सगळी अपडेट स्वतः करून घ्या, यंत्र पूर्ण बंद करून परत सुरू करा, मग सेटिंगमध्ये जाऊन अपडेट थांबवा. सभागृहात पोचल्यावर वायफाय बंद, एअरप्लेन मोड चालू, सूचनांचे आवाज बंद, स्क्रीन आपोआप झोपण्याची वेळ काढून टाकलेली. चार्जर लावलेला असावा आणि त्याच्या वायरीवर कुणाचा पाय पडणार नाही अशी ती चिकटपट्टीने जमिनीला बसवावी. संगीत आणि चित्र एकाच यंत्रावर कधीही ठेवू नका. संगीताची दुसरी प्रत फोनवर घ्या आणि तो फोन मिक्सरला आधीच जोडून ठेवा. पहिल्या घंटेआधी सगळे क्यू ओळीने वाजवून बघा. यातलं एकही काम खर्चाचं नाही. हे केलं असतं तर त्या मुलीला भर प्रसंगात लोकांचं हसू सोसावं लागलं नसतं. तिच्या कष्टांची चेष्टा त्या रात्री कुणी केली असेल तर तयारी न करणाऱ्यांनी केली. मी तिचं नाव घेऊन कौतुक लिहिलं होतं, आणि तेच नेमकं कापलं गेलं. तिच्यापर्यंत पूर्ण मजकूर मी स्वतः पोचवला आहे.

त्या संस्थेकडे माझं स्पीकरचं मागच्या प्रयोगाचं भाडं अजून बाकी आहे. ते मी कागदावर लिहून, सही करून, स्पीड पोस्टाने मागितलं आहे आणि पोचल्याची नोंद काढून ठेवली आहे.