अपडेटनंतर आवाज गेला? स्क्रीन बिघडली? आधी हे बघा

विंडोज अपडेट झालं, आवाज गेला, अक्षरं अवाढव्य दिसू लागली, की 'फॉरमॅट मारा' म्हणणारं कोणीतरी भेटतंच. थांबा! मुलांचे निकाल, प्रश्नपत्रिका, फोटो त्यातच आहेत ना? बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, बिनसलेला असतो तो ड्रायव्हर.

आधी खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाजासाठी कोणतं साधन निवडलंय ते पाहा. प्रोजेक्टर एचडीएमआय केबलने जोडलेला असेल तर आवाज गुपचूप तिकडे जातो आणि आपण स्पीकरच्या वायरी हलवत बसतो.

स्क्रीनसाठी स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं, तर ग्राफिक्सचा मूळ ड्रायव्हर चालत नाहीये. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. फुकटची 'ड्रायव्हर अपडेटर' सॉफ्टवेअर मात्र अजिबात नकोत. अडॅप्टरचं नाव बरोबर असेल तर त्यावर डबल क्लिक करून 'ड्रायव्हर' टॅबमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. बटण पुसट दिसलं तर समजा, जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. आवाजाच्या ड्रायव्हरलाही हेच लागू.

आणि विंडोज 10 वरून 11 वर नुकतेच गेला असाल तर दिवस मोजा. सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून जुन्यावर परतायला साधारण 10 दिवसच मिळतात.