माळ्यावरची बॅट आणि तिच्यासोबतची चिठ्ठी

या वेळच्या बहुतेक पत्रांचं मूळ एकच आहे. नागपूरच्या रामदासपेठ, धंतोली भागातले जुने बंगले पाडून फ्लॅट स्कीम उभ्या राहताहेत. माळे रिकामे होताहेत आणि आजोबांच्या खेळाच्या वस्तू दोन-तीन पिढ्यांनी पहिल्यांदा उजेडात येताहेत. कबाडीवाल्याला हाक मारण्याआधी आपण पत्र लिहिलंत, याचा मला मनापासून आनंद आहे.

प्रश्न : रामदासपेठेतला आमचा बंगला रिकामा करताना आजोबांची बॅट सापडली. तिच्यावर दहा-बारा सह्या आहेत. त्यातली एक सी. के. नायडूंची असल्याचं वडील सांगतात. लाकूड फार कोरडं पडलंय. जवसाचं तेल लावू का? आणि सही खरी आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : तेल मुळीच लावू नका. खेळायच्या बॅटला जवसाचं तेल देतात, कारण कोरडा विलो चेंडूच्या माऱ्याने फुटतो. ही बॅट आता चेंडू खेळणार नाही. तेल मुरलं की शाई पसरते, आणि पसरलेली सही कुणालाही परत जागेवर आणता येत नाही. वार्निशही नको. मऊ ब्रशने धूळ झटका, तेवढं पुरे.

खरा धोका आपल्या हवेचा आहे. मे महिन्यात 45 अंशांची कोरडी झळ, त्याच खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, आणि जुलै लागला की सगळीकडे ओल. लाकूड आकसतं, फुगतं आणि शेवटी चिरतं. बॅट कूलरच्या झोतात ठेवू नका. पावसात ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नका. हॉलमध्ये उन्हासमोर टांगू तर नकाच, कारण उन्हाने शाई उडते. आतल्या खोलीतल्या कपाटात, धुतलेल्या बिनखळीच्या सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा.

आता सहीबद्दल. भिंग घेऊन तिरप्या उजेडात पाहा. हाताने केलेल्या सहीत शाई लाकडाच्या रेषांमध्ये किंचित उतरलेली असते. कुठे पेन दाबलेलं, कुठे उचललेलं दिसतं. सगळ्या सह्या एकाच रंगाच्या, एकाच जाडीच्या आणि नीट ओळीत असतील, तर त्या छापलेल्या असण्याची शक्यता मोठी. वेगवेगळ्या नावांच्या अक्षरांचं वळण एकसारखं वाटलं, तर एकाच माणसाने सगळ्यांची नावं लिहिली असं समजा.

भिंगापेक्षा मोठा पुरावा मात्र आजोबांच्या आयुष्यात आहे. नायडूंचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 चा, आपल्या नागपूरचा. पुढे ते होळकरांच्या इंदूरला गेले. डिसेंबर 1926 मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी एमसीसीविरुद्ध 153 धावा केल्या. त्यात 11 षटकार होते. त्या खेळीसाठी एमसीसीने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. 25 जून 1932 ला लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली, तेव्हा कर्णधार तेच होते. या तारखांशेजारी आजोबांच्या तारखा मांडा. ते कुठे शिकले, कुठे नोकरीला होते, इंदूरला किंवा मुंबईला कधी गेले? बॅटवरच्या बाकीच्या सह्या एकाच सामन्यातल्या खेळाडूंच्या आहेत का? त्या दिवसांचे ‘हितवाद’चे अंक पाहायला मिळाले तर जरूर पाहा. सही, सामना आणि आजोबा एका जागी आले, की तुमचं काम झालं.

प्रश्न : 1987 च्या रिलायन्स कपमधल्या नागपूरच्या सामन्याचं अर्धं फाटलेलं तिकीट माझ्याकडे आहे. त्याला किंमत येईल का? चिकटपट्टी लावून जोडू का?

उत्तर : चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि छपाई खातो. दोन्ही तुकडे एका स्वच्छ पाकिटात शेजारी शेजारी ठेवा. फाटणं हाही त्या तिकिटाचा इतिहास आहे. दारावरच्या माणसाने ते फाडलं, म्हणजे तुम्ही खरोखर आत गेलात.

आणि आत जाऊन काय पाहिलंत ते आठवा! 31 ऑक्टोबर 1987, सिव्हिल लाइन्सचं व्हीसीएचं मैदान. चेतन शर्माने रुदरफोर्ड, इयान स्मिथ आणि चॅटफिल्ड या तिघांच्या लागोपाठच्या चेंडूंवर यष्ट्या उडवल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. न्यूझीलंडच्या 221 धावा झाल्या. गटात पहिलं यायचं तर भारताला त्या झपाट्याने काढायला हव्या होत्या. अंगात ताप असताना गावस्करांनी नाबाद 103 धावा केल्या आणि सामना 32.1 षटकांत संपवला. एकदिवसीय क्रिकेटमधलं त्यांचं ते एकमेव शतक. आणि तारीख पाहा, तो नायडूंचा जन्मदिवस होता.

बाजारात काय मिळेल, हे घेणाऱ्याच्या हौसेवर ठरतं. मी आकडा सांगणार नाही. पण एक काम आजच करा. तुम्ही कुठल्या बाजूला बसला होतात, सोबत कोण होतं, चेतन शर्माच्या तिसऱ्या चेंडूनंतर तुमच्या आजूबाजूला काय झालं, हे सगळं एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. धावफलक कुठेही मिळेल. तुमच्या बाकावरून दिसलेला सामना फक्त तुमच्याकडे आहे.

प्रश्न : वडिलांची कुस्तीची पदकं काळी पडली आहेत. पितांबरीने घासली तर चालतील का? त्यात सोनं-चांदी किती, हे सोनाराकडून कसाला लावून पाहावं का?

उत्तर : दोन्ही करू नका. स्थानिक स्पर्धांची पदकं बहुधा पितळेची आणि वरून मुलामा दिलेली असतात. दोन-चार वेळा घासलं की मुलामा जातो, मग अक्षरं. शिकाऊ असताना मी एक फिरती ढाल साफ करायला घेतली होती. मधोमध चांदीचा पत्रा होता आणि भोवती चांदीचे बारके बिल्ले. प्रत्येक बिल्ल्यावर एक वर्ष आणि जिंकलेल्या संघाचं नाव. मी उत्साहाने घासली. संध्याकाळी ढाल लखलखत होती, पण दोन बिल्ल्यांवरची नावं गेली होती. ती मी कुठे लिहून घेतली नव्हती. ते दोन संघ कोणते होते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. त्याची रुखरुख अजून आहे. म्हणून सांगतो, आधी प्रत्येक पदकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, अक्षरं उतरवून घ्या आणि मगच कोरड्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसा. पदकं उघड्या हाताने धरू नका, घामाने डाग पडतात.

धातूचं म्हणाल, तर ऑलिम्पिकचं सुवर्णपदकसुद्धा 1912 नंतर सबंध सोन्याचं राहिलेलं नाही. आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक तर कांस्याचं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ते 1952 साली हेलसिंकीत मिळवलं. 2017 मध्ये त्यांच्या नावाची कुस्ती अकादमी रखडली, तेव्हा त्यांच्या मुलाने हे पदक लिलावात काढण्याची तयारी जाहीर केली. ती बातमी वाचून महाराष्ट्र हळहळला, तो काही कांस्याच्या वजनासाठी नाही.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, बुद्धिबळ खेळते. स्पर्धांमधल्या चालींच्या कागदांचा ढीग झालाय. रद्दीत द्यावा का? की चांगले निवडून लॅमिनेट करावेत?

उत्तर : रद्दीत देऊ नका आणि लॅमिनेटही करू नका. लॅमिनेशनमध्ये कागद तापतो, प्लास्टिकला कायमचा चिकटतो आणि पुन्हा सोडवता येत नाही. नियमाने मूळ स्कोअरशीट आयोजकांची असते, खेळाडूच्या हाती बहुधा कार्बनची प्रत येते. ती अक्षरं पुसट असतात, म्हणून आत्ताच स्कॅन करा. कागद तारखेनुसार साध्या फाइलमध्ये ठेवा. टाचण्या काढून टाका, त्या गंजतात.

जुलै 2025 मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि एकही नॉर्म हाती नसताना त्या विजयावर थेट ग्रँडमास्टर झाली. तिची सुरुवातही अशाच लहान स्पर्धांतून झाली. तुमच्या मुलीचं पुढे काहीही होवो, डाव हरल्यावरही तिने खाली केलेली वेडीवाकडी सही वीस वर्षांनी तिला फार मोलाची वाटेल.

प्रश्न : चुलत आजोबा 1936 साली अमरावतीच्या संघातून बर्लिनला गेले होते. तेव्हाचा ग्रुप फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. तो कसा सोडवावा आणि कुठे द्यावा?

उत्तर : ओढू नका, ओला करू नका. चिकटलेल्या भागाचा वरचा थर, म्हणजे चेहरेच, काचेवर निघून येतील. काचेसकट स्कॅन करून घ्या आणि पुढचं काम कागद-छायाचित्रांच्या जाणकार संवर्धकावर सोपवा.

हा फोटो फार मोलाचा आहे. 1914 साली वैद्य बंधूंनी उभ्या केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह आपले देशी खेळ जगाला दाखवले. म्हणून पहिली विचारणा अमरावतीला मंडळाकडेच करा. क्रिकेटच्या वस्तूंसाठी पुण्यात 2012 मध्ये सुरू झालेलं ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे संग्रहालय आहे. कुठेही द्या, पण दानपत्र करा, पोच घ्या आणि वस्तू कुणाच्या नावाने मांडली जाईल हे लेखी ठरवा.

देण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाजवळ तो स्कॅन घेऊन बसा. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवा आणि नाव विचारा. डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने कागदावर लिहा. नाव आठवत नसेल तिथे जागा मोकळी ठेवा, अंदाजाने भरू नका. बॅट, तिकीट, पदक, कागद, सगळ्यांसाठी हेच सांगतो : ही वस्तू कुणाची, कुठली, कधीची, आपल्याकडे कशी आली आणि हे कुणी सांगितलं. पाच ओळींची चिठ्ठी पुरते. माळा पुढच्या महिन्यात रिकामा केला तरी चालेल. आजीला मात्र आज संध्याकाळीच विचारा.